पवळ्याच्या पोटातली तार

ऊसतोडीला जाणाऱ्या गाडीवानाचं घर बैलांवर चालतं. बीड जिल्ह्यातली बैलगाडीची टोळी दसरा झाला की कारखान्याकडे निघते, पण मुकादमाकडून उचल त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात ती गेलेलीही असते. तेवढ्यात एक बैल बसला, तर उचल फिटायची कशानं?

आमच्या शेजारच्या आबांचा पवळ्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी खायचा थांबला. रवंथ बंद. शेण थोडं, कडक, काळपट. पुढचे पाय कोपरातून बाहेर फाकवून, पाठ कमानीसारखी करून उभा राहायचा. ओढ्याकडे पाण्याला न्यायला लागलं की उतारावर पाय रोवायचा आणि कण्हायचा. चढ मात्र चढायचा. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पोटावर डाग द्या. आमच्याकडे तापलेला विळा कशालाही चालतो.

डॉक्टरांनी डाग देऊ दिला नाही. त्यांनी वशिंडाच्या मागं पाठीला जोरात चिमटा घेतला. निरोगी जनावर चिमट्यासरशी पाठ खाली दबवतं. पवळ्यानं पाठ ताठ धरली आणि "हूं" करून कण्हला. डॉक्टर म्हणाले, "आबा, ह्याच्या पोटात लोखंड हाय."

माणसाच्या दाताखाली खडा आला तर माणूस थुंकतो. बैल-गाय घास न निवडता गिळतात, चावायचं काम नंतर रवंथात. शेळी ओठानं पान-पान वेचते, म्हणून तिला हे दुखणं फारसं होत नाही. गिळलेली जड वस्तू कोटीपोटापुढच्या जाळीपोटात जाऊन बसते. ते पोट आवळलं की तार टोचते, आणि त्याच्या पुढं पातळ पडदा, पडद्यापलीकडे काळीज. २०१३ च्या दुष्काळात छावणीत एक गाय अशीच पाहिली होती. गळ्याखाली पोळीला सूज, मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली. तार काळजापर्यंत पोचली होती. तिला काही करता आलं नाही.

पवळ्याला सूज नव्हती. डॉक्टरांनी सुया चालू केल्या, बोटभर लांबीचं गुळगुळीत लोहचुंबक तोंडावाटे गिळवलं आणि पुढच्या पायांखाली मुरमाचा उंचवटा करायला लावला, म्हणजे पोटातला भार मागं सरकतो. चार दिवस वाट पाहिली. फरक पडेना.

मग दिवसभर उपाशी ठेवून ऑपरेशन लिंबाखाली, उभ्यानंच. डाव्या कुशीवरचे केस भादरले, तेवढीच जागा बधिर केली. चामडी आणि मांस कापून पोटाची कड ओढून कातड्याला टाचली, म्हणजे आतली घाण दुसरीकडे सांडायची नाही. आबा दावं धरून तोंडाशी उभे होते, मागं बघत नव्हते. चारा उपसून झाल्यावर डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पुढं, खाली चाचपत राहिले. बराच वेळ. लिंबाखाली कुणी बोललं नाही.

घमेल्यात आलेलं सांगतो: चुंबकाला चिकटलेले चार खिळे, सुतळी गुंतलेला कॅरीबॅगचा गोळा आणि जाळीपोटात रुतलेली दोन इंच बांधकामाची तार. तारेची दोन्ही टोकं तिरकी, सुरीसारखी. ती कडबाकुट्टीच्या पात्यानं कापलेली होती. पूर्वी पेंढी सोडताना तार हाताला लागायची आणि दिसायची. यंत्र तिचे तुकडे करून चाऱ्यातच मिसळतं. यंत्रानं कष्ट वाचले हे खरं, पण त्याच्या तोंडाशी एक चुंबक बसवायला काय जातंय?

चिंध्यांत गुंडाळलेलं एक दाभणही निघालं. काकूंनी ते धुऊन निरखलं. "माझंच हाय," त्या म्हणाल्या. "गोधडी शिवताना हरवलं व्हतं."

टाके घालून झाल्यावर शेजारच्या गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून पवळ्याला चारला, पोट पुन्हा चालू व्हावं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रवंथ केला. आबांनी विचारलं, "दसऱ्याला जुपता येईल का?"

"दिवाळीआधी जुपला तर मला परत बोलवू नका."

टोळी पुढं गेली. आबा दिवाळीनंतर एकटेच गाडी घेऊन निघाले. मुकादमानं मधले दिवस हिशोबात धरलेच. काकूंनी दाभण मात्र ठेवलं नाही, घासलेटच्या रिकाम्या डब्यात खिळ्यांबरोबर टाकून झाकण ठोकून बसवलं.