हे कोण म्हणतंय?

बारावीत 'क्लॅट' ही कायद्याच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांना काळजी होती ती कायद्याच्या प्रश्नांची. मला वाचनाचीच धास्ती होती. दहावीपर्यंत मी बार्शीत मराठी माध्यमात शिकले, आणि ही परीक्षा 2020 पासून उताऱ्यांवरच चालते. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. 120 मिनिटांत असे 120 प्रश्न सोडवायचे, चुकलं की पाव गुण वजा. पेपर फक्त इंग्रजीत.

सराव पेपरांत इंग्रजीचे जवळपास निम्मे प्रश्न चुकायचे. शब्दसंग्रह वाढव, असं जो तो सांगे. मी चुकलेले प्रश्न वहीत उतरवून काढले तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. शब्द न कळल्यामुळे चुकलेले थोडेच होते. बाकी ठिकाणी उतारा कळला होता, दोन पर्याय खोडून झाले होते, आणि उरलेल्या दोनांतला जो मला पटला त्याच्यावर खूण होती. कर्जमाफीवरचा एक उतारा आठवतो. कर्जमाफीने शेतकऱ्याला तात्पुरता दिलासा मिळतो, हा पर्याय मी निवडला होता. आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही तो खराच वाटेल. पण लेखक अख्खा उतारा बँकांबद्दल बोलत होता. शेतकऱ्याच्या दिलाशाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

माझा मामा तालुका कोर्टात वकिली करतो. वही चाळून तो म्हणाला, "अगं, साक्षीदाराला काय माहीत असेल याचा अंदाज बांधायचा नसतो. तो काय बोलला तेवढंच धरायचं."

मग त्याने मला खासगीपणाच्या हक्काचा 2017 चा पुट्टस्वामी खटल्याचा निकाल वाचायला लावला. पूर्ण नाही, निवडक पानं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, हे मला ठाऊक होतं. पण मामाने दिलेल्या पानांवर नेमकं उलटं लिहिलेलं! 1954 आणि 1962 च्या जुन्या निकालांचे दाखले देऊन, असा हक्क राज्यघटनेत नाही, असं मांडलं होतं. तो होता सरकारपक्षाचा युक्तिवाद. न्यायालय आधी दोन्ही बाजू नोंदवतं आणि मग स्वतःचं म्हणणं मांडतं. मधूनच वाचणाऱ्याला न्यायालयच तसं म्हणतंय असं वाटेल. "प्रत्येक परिच्छेदाला विचार, हे कोण म्हणतंय?" मामा म्हणाला.

तेव्हापासून मी पेन्सिलीने समासात खुणा करू लागले. लेखकाचं मत असेल तिथे 'ले', तो ज्याला खोडून काढतोय त्याचं असेल तिथे 'दु'. 'हाउएव्हर', 'येट', 'क्रिटिक्स' असे शब्द आले की बोलणारा बदलला का ते बघायचं. ही सवय मी आधी मराठी अग्रलेखांवर लावून घेतली, कारण तिथे भाषेशी झगडावं लागत नव्हतं. अग्रलेखात दुसऱ्याचं मत इतक्या सहज येऊन जातं, की अर्ध्या तासात समास भरून जायचा. इंग्रजीकडे वळले तेव्हा नजर तयार होती. उत्तराला खूण करण्याआधी उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे, एवढाच नियम. ओळ सापडली नाही तर पर्याय बाद, मग तो कितीही पटो.

सुरुवातीला वेग आणखी मंदावला आणि पेपर अपुरे राहू लागले. घरचे धास्तावले, पण मी खुणा सोडल्या नाहीत. हळूहळू तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणं थांबलं आणि वेळ आपसूक सुटू लागला. भरभर नजर फिरवायला शिकवणाऱ्या क्लासेसवर माझा म्हणूनच विश्वास नाही. माझा वेळ वाचण्यात जात नव्हता, दोन पर्यायांत घुटमळण्यात जात होता.

इंग्रजीचे गुण वाढले, आणि मला अपेक्षा नव्हती तिथे, कायद्याच्या विभागातही वाढले. तिथे नियम उताऱ्यातच दिलेला असतो आणि तोच घटनेला लावायचा असतो. खरा कायदा वेगळं सांगत असला तरी तो बाजूला ठेवावा लागतो. कायद्याची पुस्तकं आधीच वाचून आलेली मुलं नेमकी तिथे अडायची.