वर्दीची तारीख

आजीला तिची जन्मतारीख विचारली की ती पोळ्यापासून सुरुवात करायची. "पोळा झाला अन् मी झाले. मंग सव्वा महिना भरला, दसरा आला अन् आई गेली." साल विचारलं तर, "मानमोडीचं." म्हणजे १९१८ च्या तापाच्या साथीचं. तिच्या लेखी यात सगळं सांगून झालेलं असे. रेशनकार्डावर तिचं वय लिहून घेणाऱ्याच्या अंदाजानं पडे, आणि मतदार यादीत ती एकदा आजोबांपेक्षा चार वर्षांनी मोठी निघाली. आजोबा त्यानंतर आठवडाभर तिला "थोरल्या बाई" म्हणत होते.

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तसं नव्हतं. त्यांना पक्की तारीख होती, शाळेच्या दाखल्यावरची. १ जून. त्यांच्या दोन्ही भावांनाही १ जूनच. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पुरी दिसायला हवीत, आणि त्याला दंडाला धरून आणणाऱ्या बापाला महिना आठवत नसे. मास्तर १ जून टाकून मोकळे. एका पिढीचे निवृत्तीचे समारंभ ३१ मेला एकमेकांवर आदळत राहिले ते या मास्तरांच्या कृपेनं.

खरी नोंद शोधायची वेळ आमच्या घरावर आली ती १९८६ साली. थोरल्या भावाला इंजिनिअरिंगला जायचं होतं, जातीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता, जितका जुना तितका बरा. हौसेनं वंशावळ काढणारी माणसं हल्ली भेटतात. आमच्याकडे वंशावळ निघाली ती अडलं म्हणून. पणजोबा कधी जन्मले याच्याशी तोवर कुणाला काही देणंघेणं नव्हतं. एकदम सगळ्या घराला ते गृहस्थ हवेसे झाले.

मी नववीत होतो. "तुझे डोळे बरे आहेत," म्हणून नानांनी मला बरोबर घेतलं. सकाळची एसटी, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नक्कल मिळावी म्हणून अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप. पहिल्या खेपेला रेकॉर्ड रूमचे कारकून रजेवर. दुसऱ्या खेपेला ते होते, किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि आत जाऊन नानांना पहिल्यांदा काय आलं असेल तर शिंका. लोखंडी मांडण्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तीवर गावाचं नाव आणि साल. कारकुनानं आमच्या गावचा गठ्ठा खिडकीपाशी आणून गाठ सोडली. गाठ अशी बसली होती की दातांनी सोडवावी लागली.

आत कोतवाल बुकं होती. कागदोपत्री याचं नाव गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंदवही. गावात मूल झालं किंवा माणूस गेलं की पोलीस पाटलाकडे वर्दी जायची. ती बहुतेकदा कोतवालानं आणलेली असायची, म्हणून वहीला त्याचं नाव चिकटलं. (आज तलाठ्याकडे १४ नंबरचा नमुना मागितला तर गावच्या पाण्याच्या साधनांची नोंद निघते. आणि तलाठ्यालाही २०२४ पासून तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) मी पान उघडलं आणि माझे बरे डोळे काही कामाचे नाहीत हे लक्षात आलं. सगळं मोडीत होतं. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिला लोंबकळत, हात न उचलता लिहीत सुटायचं. शब्द कुठं संपतो ते ज्याचं त्यानं ओळखायचं. ह्रस्व-दीर्घाचा घोळच नाही, कारण वेलांटी एकच.

कारकून म्हणाले, "बाहेर लिंबाखाली भाऊसाहेब बसलेत, त्यांना बोलवा."

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. टायपिंगवाल्याच्या टेबलाला टेकून त्यांची खुर्ची. मोडी वाचून द्यायचे, पानाला पाच रुपये आणि चहा. जाड भिंगाचा चष्मा लावून त्यांनी अंगठा ओळीखालून असा सरकवत नेला, जसं कुणी गव्हातले खडे बघावेत. आम्ही पणजोबांचं नाव 'रामचंद्र' सांगितलं होतं. ते म्हणाले, रामचंद्र विसरा, 'रामा' बघायचा. कुळंब्याच्या पोराला 'चंद्र' लावायला कोतवालाला वेळ नव्हता. तासाभरानं रामा सापडला. 'रामा बिन सखाराम'. 'बिन' म्हणजे त्याचा मुलगा, आणि बाईच्या नावापुढे 'कोम' आलं तर त्याची बायको, एवढं त्या दिवशी शिकलो. नाना खुश. मी मात्र एक शंका काढली. नोंद फेब्रुवारीतली होती आणि घरात सगळे म्हणत की पणजोबा संक्रांतीला झाले.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "बाळ, ही जन्माची तारीख न्हाई. वर्दीची आहे. रकान्यावर काय बी छापलेलं असू दे. कोतवाल पाटलाकडं कधी गेला, पाटलानं बुक कधी काढलं, ती ही तारीख. घरातली म्हातारी सण सांगत असेल तर म्हातारीचं खरं धरायचं."

हे वाक्य नानांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मंग माझंबी बघ की रे तिथं." नाना हसले. तिचं माहेर प्रवरेकाठचं, तालुका दुसरा. शिवाय तिच्या नोंदीचा कुणाला काही उपयोग नव्हता. जातीचा पुरावा बापाकडून चालतो; आजी, पणजी यांना कागदावर शोधायला सरकारनं कधी कुणाला पाठवलं नाही. भावाचा प्रवेश झाला. आजी १९९४ साली गेली.

तिच्यासाठी शोध घेण्याचा एक प्रयत्न मध्ये झाला होता. त्र्यंबकेश्वरला आजोबांच्या कार्याला गेलो तेव्हा उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून वही काढली आणि आमच्या पाच पिढ्या धडाधड वाचून दाखवल्या. कोण कधी आलं, बरोबर कोण, कुणाची सही, कुणाचा अंगठा. मी आजीच्या माहेरचं गाव सांगितलं. त्यांची दुसरी वही निघाली, तिचे वडील गोविंदा सापडले, भाऊ सापडले. आजी नव्हती. लेकी सासरच्या पानावर जातात, असं ते म्हणाले. सासरच्या पानावर ती होती, पण जन्म सासरी कसा सापडणार?

नंतर २०२३ साल आलं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरातल्या तहसिलांच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. मोडी वाचणारे, मराठवाड्यासाठी उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. मराठवाड्याची तऱ्हा निराळीच. माझी सासुरवाडी बीडकडची, तिथलं जुनं दप्तर निजामाच्या अमलातलं, साल फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे सासऱ्यांनी मला शिकवलं आणि वर म्हणाले, "तुमच्यापेक्षा आमचे पूर्वज सहाशे वर्षांनी तरुण." सापडलेली पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तालुका निवडा, गाव निवडा. लिंबाखाली बसायचे ते लोकही पुन्हा दिसू लागले; मधल्या काळात मोडी शिकलेली पंचविशीतली पोरं तहसिलीबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली मी पाहिली.

मीही मोडी शिकलो होतो. पुराभिलेख खात्याच्या वर्गात, पन्नाशीत, वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या मागच्या बाकावर. येत नाही फारशी. पण 'बिन', 'कोम', गावाचं नाव आणि महिना एवढं ओळखतो.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पुण्यातल्या घरात, पलंगावर लोळत, मोबाईलवर मी आजीच्या माहेरचं गाव उघडलं. हे सगळं इतकं सोपं झालं याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. तीन खेपा, शिंका, हरवलेली किल्ली यांच्यावर गहिवरून लिहिणारे लोक त्या खेपा दुसऱ्याच्या बापाला घालायला लावतात. फक्त यंत्र इथं शोधून देत नाही. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण हे स्कॅन म्हणजे नुसते फोटो, शब्द टाकला की ओळ पुढं येईल अशी सोय नाही. पान मोठं करायचं, बोटानं सरकवायचं. भाऊसाहेबांचा अंगठाच, काचेवरून.

१९१८ चा सप्टेंबर उघडला. अर्ध्या तासानं 'गोविंदा' दिसला. जात 'कुणबी', त्या एका शब्दापायी हे पान स्कॅन झालं होतं. पुढं 'मुलगी'. नावाच्या जागी काही नाही. तारीख १४ सप्टेंबर.

आता पोळा श्रावणी अमावास्येचा. त्या वर्षीचा दसरा काढणं सोपं आहे, कारण शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. तिथून मागं मोजत गेलं की पोळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत सव्वा महिना आणि वर दोनेक दिवस. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा हिशेब, आणि नोंदवही तिच्यामागून आठवडाभरानं धापा टाकत आलेली. वर्दीची तारीख. भाऊसाहेब नसते भेटले तर मी सरळ १४ सप्टेंबर लिहून घेतली असती आणि आजीला चुकीची ठरवलं असतं.

नाव नाही याचं मला नवल वाटलं नाही. बारसं व्हायच्या आत वर्दी गेली असणार. आजही जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि नाव नंतर घालता येतं. माझ्या पुतणीला गेल्या वर्षी मुलगी झाली, दवाखान्यातूनच सगळं भरलं गेलं, नावाची जागा कोरी होती. फरक पुढं आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. आजीच्या ओळीत आई कुठंच नव्हती.

म्हणून ऑक्टोबरची मृत्यूची पानं उघडली. एरवी महिन्याला दोन-तीन ओळी असणाऱ्या वहीत त्या महिन्यानं अडीच पानं खाल्ली होती. अक्षर सुरुवातीला नीट, पुढं घाईचं, शेवटी रकाने सोडून गेलेलं. कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', खाली नुसती दोन टिंबं, वरच्यासारखंच म्हणून. मानमोडी हा शब्द कुठंच नाही. तो लोकांचा शब्द. दुसऱ्या पानावर २१ ऑक्टोबरच्या ओळीत 'काशी कोम गोविंदा', वय २२, ताप.

आजी आईला नेहमी 'थोरली' म्हणायची. गोविंदानं दुसरं लग्न केलं आणि घरात पहिलीचा उल्लेख तेवढाच राहिला. काशी हे नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे, श्रीरामपूरला असते. तिला फोन करून सगळं सांगितलं, तारखेसकट. तारखेचं तिला काही वाटलं नाही, "ते तर आई सांगायचीच." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "वर्दी कुणी दिली लिहिलंय का? बाप आजारी व्हता म्हणं तव्हा."

वर्दी देणाऱ्याचा रकाना त्या पानाच्या उजव्या टोकाला आहे. स्कॅन करताना कड कापली गेली आहे; 'गो' की 'ना' असं एक अर्धं अक्षर दिसतं, बाकी काही नाही. मूळ बुक तहसिलीतच असणार, लाल फडक्यात. अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी सकाळच्या गाडीनं जातोय, पुतण्याला बरोबर घेऊन. त्याचे डोळे बरे आहेत.