डोहाळ्यांची मोजदाद

डोहाळ्यांची गाणी आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. गर्भारशीला काय खावेसे वाटते आणि तिच्या शब्दाखातर घर कसे धावते, हे सांगताना आमचा स्वर नकळत कौतुकाचा होतो. एके वर्षी वर्गात सातवा महिना लागलेली एक विद्यार्थिनी होती. मैत्रिणींनी तिला डोहाळे विचारले. ती म्हणाली, “मागे उरेल ते.” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या कडव्याकडे वळलो.

हे उत्तर पुन्हा आठवले ते मुंबईतील एका प्रयोगाविषयी वाचताना. त्याचे मूळ पुणे जिल्ह्यात आहे. १९९०च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. परंतु एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्या घरात दूध-फळे येतात, त्या घरात आणखीही बरेच काही असते. शंका फेडायची, तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट पाडून त्यांना प्रत्यक्ष खाऊ घालूनच पाहावे लागते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६पासून नेमके हेच केले गेले. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ, दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या जिनसांचा. औषधाच्या गोळीची हुबेहूब नक्कल करता येते. अन्नाचा रंग आणि चव लपत नाही. शिवाय गर्भाची घडण दिवस गेल्याचे कळण्याआधीच सुरू होते. म्हणून कोणाला दिवस जातील हे ठाऊक नसताना सर्वांनाच रोज खाऊ घालणे आले. तोही केंद्रावर, देखरेखीखाली. घरी नेला असता, तर त्याचे किती वाटे झाले असते हे सांगायला नको. ६,५१३ स्त्रियांपैकी २,२९१ गर्भवती झाल्या आणि अखेर मोजमाप झाले ते १,३६० बाळांचे. बाळंतपणासाठी लेक माहेरी जाते, तेव्हा वजनकाटा तिच्या मागून जात नाही.

निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात खात्रीने सांगावा असा फरक नव्हता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांत मात्र सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. आणि ज्या स्त्रिया सर्वांत कृश होत्या, त्यांच्या बाळांच्या वजनात लाभ दिसलाच नाही.

ही शेवटची ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच लाभ का नसावा? त्याचे शास्त्रीय उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या मनात आले ते एवढेच, की लहानपणापासून मागे उरलेले खात आलेल्या देहाची तूट काही महिन्यांच्या खाऊने कशी भरून निघावी? प्रयोग गर्भधारणेपूर्वी सुरू झाला खरा, पण तिची उपासमार त्याच्याही कितीतरी आधी सुरू झालेली असते.

त्या विद्यार्थिनीने त्या वर्षी परीक्षा दिली नाही. तिला दुपारचा डबा खाताना आम्ही कधी पाहिले होते का, हे आठवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.