अपूर्णांकाचा छेद

आपल्या मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे, ही इच्छा आता घरोघर आढळते. परंतु त्या मुली स्वतःस काय समजतात, याची विचारपूस क्वचितच होते. माझ्या घरीही ती झाली नव्हती.

१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठात माझी नात मानसशास्त्र शिकते. दिवाळीस ती अकोल्यास आली, तेव्हा अभ्यासातील एक प्रश्नावली तिने सहज स्वतःच भरावयास घेतली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची, १९६५ साली प्रसिद्ध झालेली, अवघ्या दहा विधानांची ती मोजपट्टी. मनुष्य स्वतःस कितपत मोल देतो, हे तीवरून पाहतात. आपण इतरांइतक्याच योग्यतेचे आहोत, अशा आशयाच्या विधानापाशी तिची पेन्सिल थांबली. नेहमी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणारी ही मुलगी! मी कारण पुसले. ती म्हणाली, "आजोबा, मी कितीही गुण आणले तरी तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पहिला कोण आला?"

मी निरुत्तर झालो. जन्मभर वर्गात हाच प्रश्न विचारला आणि त्यालाच उत्तेजन समजलो!

विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात स्वाभिमानास अपूर्णांकाचे रूप दिले आहे : अंशस्थानी यश, छेदस्थानी अपेक्षा. छेद वाढत गेला तर मोठ्या अंशाचीही किंमत घटते. मुलींच्या बाबतीत तर हा छेद अनेक हातांनी लिहिलेला असतो. वडिलांस नोकरी हवी, आईस गृहकृत्यदक्षता, आप्तांस वेळेवर विवाह! आपण आहोत तशा आणि आपण असावयास हव्यात तशा, या दोन चित्रांत फार अंतर पडले की मनाचे स्वास्थ्य ढळते, हे पुढे कार्ल रॉजर्स यांनी विस्ताराने मांडले. मनुष्य स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच शत्रू, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात मी मुलांना शिकविले; मात्र घरच्या मुलीस स्वतःचे शत्रुत्व शिकवीत होतो, हे ध्यानी आले नाही.

महत्त्वाकांक्षा सोडावी किंवा खोटी स्तुती करावी, असे माझे म्हणणे नाही. खोटी स्तुती मुलींस तत्काळ ओळखू येते. छेद तिचा तिने लिहावा, एवढेच.

पुढील परीक्षेनंतर तिचा दूरध्वनी आला. जुना प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळून मी विचारले, "या खेपेस अभ्यासात काय आवडले?" क्षणभर ती गप्प राहिली. मग मात्र अर्धा तास बोलत होती. गुण किती मिळाले, ते विचारावयाचे राहूनच गेले.