मुद्रक: ईड्स आणि गिल

‘बोस्टन गॅझेट’ हे वृत्तपत्र १७ सप्टेंबर १७९८ रोजी बंद पडले. पत्र १७१९ चे, पण त्याचा खरा काळ सुरू झाला १७५५ मध्ये, बेंजामिन ईड्स आणि जॉन गिल या मुद्रकांच्या हाती ते आल्यावर. अमेरिकी स्वातंत्र्याच्या इतिहासात त्याचे लेखक गाजले. मला वंदन करायचे आहे ते छापणाऱ्यांना.

सॅम्युएल ॲडम्ससारखे लेखक टोपणनावाने लिहीत. अंकावर उघड नावे असत ती ईड्स आणि गिल यांची, त्यामुळे खटला, मार, जप्ती, जे काय यायचे ते त्यांच्यावर. १७६८ मध्ये एका लेखाने चिडलेला प्रतिस्पर्धी मुद्रक जॉन मीन कचेरीत येऊन लेखकाचे नाव मागू लागला. ते मिळाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने गिलला काठीने बडवले. तरीही नाव फुटले नाही. त्याच वर्षी वसाहतीच्या गव्हर्नर बर्नार्डने या पत्रावर खटला भरायचा प्रयत्न केला, तेव्हा ज्यूरीने आरोप ठेवायलाच नकार दिला. बोस्टनकर आपल्या मुद्रकांच्या पाठीशी होते.

५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांनी बोस्टनमध्ये केलेल्या गोळीबारानंतर १२ मार्चच्या अंकात काळ्या चौकटी आणि चार शवपेट्यांची चित्रे आली. प्रत्येक पेटीवर मृताची आद्याक्षरे. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ते पान कळले असेल.

हे पत्र निःपक्षपाती नव्हते, हेही सांगायलाच हवे. १७६९ मध्ये जमावाच्या भीतीने मीनला शहर सोडावे लागले, तेव्हा त्याच्या छापण्याच्या हक्कासाठी ‘गॅझेट’ उभे राहिले नाही. हा डाग पुसता येत नाही.

१७७५ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बोस्टनला वेढा पडला, तेव्हा ईड्स रातोरात जुने यंत्र आणि खिळे होडीतून नदीपार घेऊन गेला आणि वॉटरटाउनहून अंक काढू लागला. मागे राहिलेल्या त्याच्या मुलाला, पीटरला, ब्रिटिशांनी तुरुंगात टाकले. गिलशी असलेली भागीदारीही तेव्हाच संपली.

युद्धकाळात कागदी चलन कोसळले आणि ईड्सची पुंजी गेली. जुलै १७९८ मध्ये सरकारवरची टीका गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सने सही केली. याच ॲडम्सचे १७६५ चे बिननावी लेख छापताना त्यांची जोखीम ईड्स आणि गिल यांनी अंगावर घेतली होती. सहीनंतर सुमारे दोन महिन्यांत ‘गॅझेट’ थांबले. ईड्स १८०३ च्या डिसेंबरात वारला, गरिबीत.