पायांचा हिशेब

सायकलीचा वेग सगळ्यांना कळतो. किती किलोमीटर झाले, तेही मोबाईल सांगतो. पण मिनिटाला तुमचे पाय किती वेळा गोल फिरतात, असं विचारलं तर रोज सायकल चालवणारा माणूसही गप्प होतो. इंग्रजीत याला कॅडन्स म्हणतात. मी आपला 'फेरे' म्हणतो. पायडल एकदा पूर्ण फिरलं की एक फेरा.

हे फेरे मोजणारा एक छोटा सेन्सर मिळतो. मी घेतला तो दीड हजाराच्या आसपासचा. क्रँकच्या आतल्या बाजूला, डावीकडे, रबरी कडीनं बांधायचा. उजवीकडे चेन असते. आत नाण्यासारखा सेल. त्यावर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. पूर्वीच्या सेन्सरमध्ये क्रँकवर लोहचुंबक आणि फ्रेमवर स्विच असायचा, चुंबक समोरून गेलं की एक फेरा मोजला जायचा. चुंबक जरा सरकलं की मोजणी बंद. आताच्या सेन्सरमध्ये मोबाईलमध्ये असते तशी गिरकी ओळखणारी चिप असते. ती स्वतःच क्रँकबरोबर फिरते आणि आकडा ब्लूटूथनं मोबाईलला पाठवते.

मी सायकल चालवतो ती शुगरसाठी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, मी सायकल निवडली. फजरनंतर मैंदर्गीहून निघायचं, अक्कलकोटच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं, मग शाळा. आमच्याकडे सायकल ही मोटारसायकल घेता येत नाही त्याची गोष्ट. शाळेतला मास्तर हेल्मेट घालून सकाळी सायकलवरून जातो म्हटल्यावर लोकांना काळजी वाटते. एकानं तर प्रेमानं विचारलं, "सर, गाडी विकली का?"

सुरुवातीला मी वेगच बघायचो. पण हा रस्ता वेग बघून व्यायाम करण्यासारखा नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा अक्कलकोटकडे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. जाताना १४चा वेग, येताना २४चा, आणि दमणूक जातानाच जास्त. रस्ता दिसायला सपाट, पण तुरीच्या आणि ज्वारीच्या रानांमधून तो हळूच चढतो आणि हळूच उतरतो. डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतं. वेगाचा आकडा वाऱ्याचा आणि रस्त्याचा असतो. फेरे मात्र आपल्या हातात असतात, किंवा पायात म्हणा. वारा आला तर गिअर हलका करा, फेरे तेवढेच ठेवा. वेग पडेल तो पडू द्या.

याचा गुडघ्याशी काय संबंध, तो सोप्या हिशेबानं सांगतो. समजा तुम्ही १५० वॉट ताकद लावताय आणि क्रँक १७० मिलिमीटरची आहे. मिनिटाला ६० फेरे असतील तर पायडलवर सरासरी १४ किलोचा जोर पडतो. तीच ताकद ९० फेऱ्यांनी लावली तर साडेनऊ किलोचा. काम तेवढंच, फक्त मोठे घास घ्यायचे की लहान, एवढाच फरक. लहान घासांनी गुडघ्यावरचा दाब कमी होतो, पण श्वास आणि छाती जास्त कामाला लागतात. पायांचं ओझं काही प्रमाणात हृदयावर सरकवायचं, असा हा व्यवहार आहे. गिअरची सायकल घेऊन कायम सगळ्यात जड गिअरवर कण्हत चालवणारे लोक मी बघतो. त्यांना सेन्सरचा खरा उपयोग होईल, कारण जड गिअरवर माणसाला आपण जोरात चाललोय असं वाटतं.

सायकलवाल्यांच्या जगात ९० हा आकडा मात्र कलम्यासारखा पाठ केला जातो. मिनिटाला ९० फेरे नसतील तर तुम्ही सायकल चालवतच नाही, असा सूर. हा आकडा शर्यतवाल्यांकडून आला. एडी मर्क्सनं १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं, तेव्हा त्याचे पाय मिनिटाला शंभराच्या वर फिरत होते. आपल्याकडचे नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, बारा दिवसांची मुदत. अशा माणसांच्या पायांना उद्याही चालायचं असतं, म्हणून ते जपून, हलक्या गिअरवर काम करतात. पण त्यांच्या एका फेऱ्यामागची ताकद आपल्यात नसते. कमी ताकदीनं चालवणाऱ्या साध्या माणसाला सगळ्यात कमी दमवणारे फेरे ५० ते ७० च्या दरम्यान असतात, असं प्रयोगशाळेतल्या मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ताकद वाढते तसा तो आकडा वर सरकतो. म्हणजे ९० हा पोचायचा मुक्काम नव्हे. मी ७५ ते ८० वर स्थिरावलो आहे. शंभराच्या वर गेलो की सीटवर उडायला होतं, तिथंच थांबतो.

रमजानमध्ये हाच सेन्सर उलट्या कामाला येतो. गेली काही वर्षं रोजे उन्हाळ्याच्या तोंडावर आले. इफ्तारच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं मी निघतो, डॉक्टरांना विचारून आणि खिशात खजूर ठेवून. तेव्हा हलका गिअर आणि ६० फेरे. जास्त फिरवलं की तोंडानं श्वास सुरू होतो आणि घसा कोरडा पडतो. सोलापूरच्या उन्हात तो कोरडेपणा मगरिबपर्यंत निभावणं अवघड.

आता अब्बांची गोष्ट, कारण या आकड्यांचा मला खरा अर्थ लागला तो त्यांच्यामुळे.

अब्बा बांगड्या विकायचे. काळी, जड, एका गिअरची सायकल, मागच्या कॅरिअरवर काचेच्या बांगड्यांच्या पेट्या. मैंदर्गीच्या चहूबाजूंची गावं. सीमेवरचा मुलूख, त्यामुळे एका गावात 'बांगडीवाले चाचा' आणि पुढच्या गावात 'बळेगार'. अशी तीस वर्षं. आता त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. अम्मी म्हणते, सायकलनं खाल्ले. मला तसं वाटत नाही. ते दिवसभर दारोदार उकिडवे बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायचे, एका अंगणात अर्धा अर्धा तास. गुडघ्यासाठी त्याहून वाईट बैठक नाही. सायकलवर होते तेवढा वेळ गुडघ्यांना आरामच असेल.

सेन्सर पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे, पैर गिनने कू बी मशीन आई क्या?"

त्यांची सायकल अजून ओसरीत आहे. मी दात मोजले. पुढे ४४, मागे १८. चाक २८ इंची. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की सायकल जवळपास ५.४५ मीटर पुढे जाते. एका गिअरच्या सायकलीची ही गंमत आहे: तिला सेन्सर लागतच नाही. अंतर आणि वेळ सांगा, फेरे आपोआप निघतात. अब्बा सांगतात, अक्कलकोटला पन्नास मिनिटं लागायची. अंतर पंधराएक किलोमीटर. तेवढ्यावरून मिनिटाला पंचावन्न फेरे येतात. प्रयोगशाळांनी यंत्रं लावून काढलेल्या पट्ट्यात बरोब्बर बसणारा आकडा, आणि तोही पेट्या लादलेल्या सायकलीवर. ९० चा नियम त्यांच्या सायकलीला लावला असता तर ताशी २९ किलोमीटर झाले असते, काचेच्या बांगड्या घेऊन!

चढाला काय करायचे, हे विचारलं. म्हणाले, उतरायचो. पाय जड झाले की उतरून ढकलायचं. जोर लावून चढलं तर सायकल झोल खाते, पेट्या आदळतात, माल फुटतो. फुटलेल्या बांगड्या कोण घेणार?

मग रोजचे तीस किलोमीटर धरून हिशेब केला. उतार वजा करून दिवसाला पाच हजार फेरे. वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं. साडेचार कोटी. आकडा कागदावर लिहून त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "इत्ते में बांगड्यां कित्त्यां बिक्यां रे?" ते मला सांगता आलं नाही. माझं आणि बहिणीचं शिक्षण, तिचं लग्न, घराच्या दोन खोल्या त्यात झाल्या, एवढं माहीत आहे.

डॉक्टरांना विचारून एका सकाळी त्यांना पुन्हा सायकलवर बसवलं. आधी सीट वर केली. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, त्यात गुडघा पूर्ण उघडतच नाही. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा, एवढं बघितलं तरी पुरतं. सेन्सरची रबरी कडी त्या जुन्या क्रँकला सैल पडली, म्हणून ट्यूबची पट्टी कापून बांधला. सपाट रस्ता, दीड किलोमीटर, मी शेजारी.

घरी येऊन मोबाईलवर आलेख बघितला. ४८ ते ५१, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फुटपट्टीनं ओढल्यासारखी रेघ. माझा त्याच सकाळचा आलेख ६२ ते ९४ मध्ये करवतीच्या दातांसारखा. गिअर नाहीत, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतायत, आणि पाय अजून पेट्या मागे आहेत असेच फिरतायत. माझ्या गिअरच्या सायकलीनं मी तशी रेघ अजून पाच मिनिटंही ओढलेली नाही. रोज प्रयत्न करतो.

एक तांत्रिक गोष्ट नवीन घेणाऱ्यांसाठी: अ‍ॅपमध्ये सरासरी काढताना शून्य धरायचं की नाही, असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. शून्य धरलं तर पाय न फिरवता सायकल नुसती पळू दिलेला वेळही मोजला जातो आणि सरासरी खाली येते. पाय चालू असताना किती फिरले हे बघायचं असेल तर शून्य वगळा. आपण किती वेळ आळस केला हे बघायचं असेल तर धरा. मी दोन्ही बघतो.

सध्या सेन्सर अब्बांच्याच सायकलीवर आहे. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर. परवा त्यांनी विचारलं, "चालीस के नीचे गया तो मशीन आवाज करती क्या?" सेन्सर करत नाही, पण अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे, लावून द्यायची आहे. डाव्या क्रँकची कॉटर पिनही खुळखुळते. येत्या बाजारी दुधनीला जाणार आहे, तिथं बघतो.