समुद्राच्या सवडीने

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मनुष्यास समुद्रावर जाण्याकरिता बेत आखावा लागतो, ही कल्पनाच मुळी चमत्कारिक वाटते. वेंगुर्ल्यास आमच्या आजोळी सायंकाळी वहाणा पायांत सरकवाव्या आणि निघावे, यापलीकडे त्या गोष्टीस तयारी म्हणून ठाऊक नव्हती. भरती असली तर पाणी थोडे अलीकडे, ओहोटी असली तर थोडे पलीकडे. इतकाच काय तो भेद. यंदा मात्र फ्रान्स देशाच्या वायव्येस, ब्रिटनी प्रांतातील सँ-मालो या गावच्या वाळूवर एक दिवस सहकुटुंब घालवावा, एवढ्याचा बेत ठरविण्यात आमचे तीन आठवडे गेले आहेत.

आमचे चिरंजीव रेन शहरी नोकरीस असतात. तेथून सँ-मालो सुमारे ७० किलोमीटर. आगगाडीने तासाभराच्या आतले अंतर. इतक्या जवळच्या ठिकाणी जाण्यास विचार कसला, असे कोणीही म्हणेल. परंतु आमच्या मंडळींत सौभाग्यवती, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात यांखेरीज ८२ वर्षांच्या आमच्या मातोश्री आहेत. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्या सपाट जमिनीवर काठीने पन्नास पावले जातात. वाळूत किती जातील, हे त्यांनाही सांगता येत नाही. लग्न होऊन पुण्यास आल्यापासून समुद्र त्यांना माहेरपणापुरता मिळत असे, आणि माहेरचे घर बंद झाल्यापासून तोही नाही. विमानात बसतानाच त्यांनी सांगून ठेवले होते, "एवढ्या लांब येते आहे ती काही तुमचे मनोरे पाहायला नव्हे. एकदा पाय बुडवून आणा. पुन्हा काही मी येणार नाही." त्यांच्या वयाच्या माणसाने असे म्हटले म्हणजे 'असे काय बोलता' म्हणण्याची चाल आहे, परंतु त्या वेळी आमच्याने ते म्हणवले नाही.

परवान्याचे दिवस नव्वद. त्यांत रविवार बारा-तेरा. चिरंजीवांस एका आड एक रविवार सुटी. म्हणजे उरले सहा. त्यांतले दोन प्रवासाच्या शिणात आणि पावसात गेले. राहिलेल्या चार रविवारांपैकी एक निवडावयाचा, इतके सोपे काम होते. चिरंजीवांनी पहिला बेत केला तो अगदी कचेरीतील कागदासारखा सुबक होता: दहाची गाडी, अकराला वाळू, एकला जेवण, पाचला परत. तो वाचून दाखविल्यावर सूनबाईंनी शांतपणे विचारले, "आणि समुद्र किती वाजता?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. सँ-मालोचा समुद्र युरोपातील मोठ्यातल्या मोठ्या भरती-ओहोटीचा समुद्र आहे. वेंगुर्ल्याच्या बाजूस पाणी चढते-उतरते ते दोन मीटरांच्या आसपास. येथे मोठ्या उधाणास हा फरक बारा मीटरांच्याही वर जातो. तीन-चार मजली घर दिवसातून दोनदा बुडावे आणि दोनदा उघडे पडावे, तसा हा प्रकार. जवळच रांस नदीच्या मुखावर धरण बांधून १९६६ पासून याच चढउताराची वीज करतात. फ्रेंच लोक प्रत्येक भरतीस २० पासून १२० पर्यंत एक अंक देतात, आणि आपल्याकडे जशी तिथी तसा तो अंक येथील किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी असतो. मोठ्या अंकाच्या दिवशी ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर जाते, की मुलांना धावत जाण्यास ती गंमत वाटावी. आणि भरतीच्या वेळी तीच वाळू नाहीशी होऊन लाटा थेट बांधाच्या भिंतीवर आदळतात. आमच्या पन्नास पावलांना दोन्हींपैकी काहीच सोयीचे नव्हते.

यावर घरात दोन पक्ष पडले. नातवंडांना ओहोटीच हवी. पाणी हटले म्हणजे खडकांतून डबकी राहतात, त्यांत खेकडे सापडतात. शिवाय ग्राँ बे नावाच्या बेटावर कोरड्या पायांनी जाता येते. तेथे शातोब्रियाँ या थोर लेखकाची समाधी आहे. १८४८ साली त्याचे देहावसान झाले आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे समुद्राकडे तोंड करून त्यास तेथे पुरले. नातवास शातोब्रियाँशी काही कर्तव्य नाही. वेळेवर न परतल्यास माणसे बेटावर अडकून पडतात, हे त्याला कोणीतरी सांगितले आहे, तेवढेच त्याचे आकर्षण. सौभाग्यवतींचा पक्ष भोजनाचा. येथे कुट्टूच्या पिठाची पातळ पोळी काढून तिच्यात अंडे व चीज घालून देतात. तिला गालेत म्हणतात. मातोश्रींनी पहिल्या दिवशीच ती पाहून 'हे घावन' असा निकाल दिला आणि वर खारे लोणी लावतात हे कळल्यावर दुसरे मागितले. कांकालची कालवे मात्र त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. कालवे कच्ची खाणाऱ्यांस तिखले ठाऊक नसावे, एवढीच शंका त्यांनी काढली, आणि ती आम्हांस वाजवी वाटते.

आतापर्यंत या सर्व खलबतांत मातोश्रींस कोणी काही विचारले नव्हते. त्यांना न्यावयाचे कसे, बसवावयाचे कोठे, एवढीच चर्चा चालू होती. सामानाविषयी करतात तशी. एके संध्याकाळी त्या घरून आणलेली दिनदर्शिका घेऊन बसल्या. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, अमावास्येस बारा. हा हिशेब त्यांना पाढ्यासारखा येतो. त्यांनी नातवाकडून मागच्या पंधरवड्यातल्या सँ-मालोच्या वेळा वाचून घेतल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे आठ तास पुढे धरा. अवसेला सकाळी आठ आणि रात्री आठ. दुपारी समुद्र घरी नसतो."

मग चिरंजीवांनी कागद घेतला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तिचा चढउतार उधाणाच्या निम्म्याहूनही कमी, आणि पाणी भर दुपारी बांधाजवळ. आम्हांस हवा होता तो हाच दिवस. परंतु भांग येतो पावणेपंधरा दिवसांनी, आणि चिरंजीवांची सुटी येते चौदा दिवसांनी. दोन्ही गाड्या जवळजवळ एकाच गतीने धावत असल्यामुळे एकदा चुकामूक झाली की ती उन्हाळाभर सुटत नाही. उरलेले चारही रविवार उधाणाच्या आसपासचे निघाले. कोठे द्वितीया, कोठे प्रतिपदा. चिरंजीवांनी दोन सहकाऱ्यांस रविवार बदलून मागितला. एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची पगारी रजा. फ्रान्समध्ये १९३६ सालच्या कायद्याने कामकऱ्यांस ही रजा मिळाली आणि लाखो कुटुंबांना समुद्र दिसला. तेव्हा तिच्याविरुद्ध बोलणे आम्हांस शोभले नसते. घरात त्या रात्री फारसे कोणी बोलले नाही. नव्वद दिवस संपतील आणि मातोश्री समुद्र न पाहता परत जातील, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता.

सकाळी चहाच्या वेळी मातोश्रींनी पुसले, "इथे काळोख कधी पडतो?" जुलैत दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, असे नातीने सांगितले. तेव्हा त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "मगे सांजेक जावया. तो येतलोच."

इतकी उघड गोष्ट आम्हां कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आम्ही सर्वजण त्यांना समुद्राकडे नेण्याची युक्ती शोधत होतो.

आता ठरले आहे ते असे. उद्या आषाढातली प्रतिपदा, भरतीचा अंक ९१. साडेतीनला पूर्ण ओहोटी, नऊच्या सुमारास भरती. आगगाडीचा नाद सोडून मोटार घेतली आहे, कारण रात्री परतावयाचे. दुपारी मुले आणि चिरंजीव ग्राँ बेवर जातील व पाचच्या आत परत येतील. यावर सूनबाईंनी शपथ घेतली आहे. मातोश्री व सौभाग्यवती सियोंच्या लांब किनाऱ्यावर, बांधावरच्या बाकावर बसतील. सहाच्या पुढे उताराने त्यांना वाळूवर उतरवावयाचे. पाणी भिंतीपासून चाळीस-पन्नास पावलांवर आले, की निघावयाचे. एका बाजूस चिरंजीव, दुसऱ्या बाजूस आम्ही. चढत्या पाण्याचा निम्मा वाटा मधल्या दोन तासांत येतो, त्या वेळी ते ताशी तीन मीटरांच्या हिशेबाने उंच होत असते; म्हणून पाय बुडले की रेंगाळावयाचे नाही, ही अट घातली आहे. मातोश्रींनी ती ऐकून घेतली, मान मात्र हलविली नाही. पाणी अठरा अंशांचे, म्हणजे आपल्या हिशेबी थंडगार; त्याकरिता लोकरी मोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. त्यांचे कोरडे लुगडे पिशवीत सर्वांच्या वर आहे.

हवामानखात्याने दुपारनंतर सरी सांगितल्या आहेत. छत्र्या सात घेतल्या.